कोन्या खात्यात हाय जी तुम्ही?

परतवाड्यात नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्याला पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न दहा तोंडांनी विचारला जातो. दूधवाला विचारतो, किराणावाला विचारतो, समोरच्या काकू ओट्यावर गहू निवडता निवडता विचारतात, "कोन्या खात्यात हाय जी तुम्ही?" जंगल खातं, महसूल, बांधकाम, वीज, बँक, पंचायत समिती, यांतलं काहीही सांगा. प्रश्न तिथेच संपतो आणि दुधाचा रतीब सुरू होतो. पण "मी कोणत्याच खात्यात नाही, पुण्याहून आपल्या मर्जीने आलोय," असं म्हटलं की काकूंचा हात सुपातच थांबतो. दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो. "मंग आले काहून?"

प्रश्नात उद्धटपणा नाही, अनुभव आहे. परतवाड्याला माणसं येतात ती हुकमाने, हा दोनशे वर्षांचा रिवाज आहे. आधी पलटणीचा हुकूम होता, मग जंगल खात्याचा, आता मंत्रालयाचा. मेळघाटाच्या पायथ्याची बदली म्हणजे शिक्षा, हे सेवानियमांत कुठेही लिहिलेलं नाही आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ आहे. साहेब रुजू झाले की कचेरीतले लोक हार घालतात आणि मनातल्या मनात हिशेब करतात, यांनी नेमकं कोणाला दुखावलं असेल?

अशा गावात हल्ली कोणत्याही मंत्र्याला न दुखावता, आपल्या पायांनी येणारी एक जमात दिसू लागली आहे. गाडीवर एमएच-12, खांद्यावर लॅपटॉपची सॅक आणि तोंडी "स्लो लाइफ". सोयीसाठी आपण त्यांना हिंजवडीकर म्हणू. आजचं सदर त्यांच्यासाठी. आणि थोडं, त्यांच्याकडे बघून हसणाऱ्या आपल्यासाठी.

आधी पलटण, मग गाव

आपण कुठे आलोत हे हिंजवडीकराला ठाऊक नसतं. प्लॉटच्या दलालाने त्याला सातपुडा दाखवलेला असतो, इतिहास दाखवलेला नसतो. इतिहासाला चौरस फुटाचा भाव नाही.

1803 सालचा हिवाळा घ्या. 29 नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली. 15 डिसेंबरला गाविलगड पडला. दोन दिवसांत देवगावचा तह झाला आणि नागपूरकर रघुजी भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख निजामाकडे गेला. 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला दौलतराव शिंद्यांशी दुसरा तह झाला. हे सगळं उरकणारा सेनापती होता आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. एक लढाई, एक किल्ला आणि दोन तह, सगळं मिळून महिनाभरात. वऱ्हाडात बाहेरून येऊन इतक्या वेगाने काम उरकणारा माणूस त्यानंतर फारसा झाला नाही. आता सातबाऱ्यावर नाव चढायला लागणारा वेळ बघता, होईल असं वाटतही नाही.

मग छावणी आली. निजामाच्या पैशाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत जी फौज उभी राहिली तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. औरंगाबाद, हिंगोली, बोलारम, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, आणि आपलं एलिचपूर म्हणजे अचलपूर, ही तिची ठाणी. अचलपूर तेव्हाही म्हातारं शहर होतं. 1490 साली बहमनी राज्यातून वेगळ्या झालेल्या इमादशाहीची राजधानी, पुढे निजामाच्या नवाबांची गादी. वेशी होत्या, दर्गा होता, बाजार होता. फौजेने मात्र मुक्काम टाकला तो शहराबाहेर तीन-चार किलोमीटरवर, सापन आणि बिच्छन या नद्यांच्या परिसरात. तोच आजचा परतवाडा.

धोरण सरळ होतं. शहराचं दूध पाहिजे, भाजी पाहिजे, धोबी पाहिजे, सईस पाहिजे. शहर नको. हे धोरण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मेंटेनन्स थकला, प्रांत गेला

हिंजवडीकर आपली व्यथा सांगतो ती अशी की सोसायटीच्या मेंटेनन्सने तो हैराण झाला होता. लिफ्टचा खर्च, जिमचा खर्च, न वापरलेल्या पोहण्याच्या तलावाचा खर्च. त्याला म्हणावं, बाबा, तू ज्या जागेवर घर बांधून राहिलास तिथल्या मेंटेनन्सपायी अख्खा प्रांत गेला होता.

कंटिंजंटचा पगार द्यायचा निजामाने. फौज ऐकणार कोणाचं, तर इंग्रज रेसिडेंटचं. पगार थकू लागला, थकबाकी फुगू लागली, तगादा सुरू झाला. डलहौसीच्या अमदानीत, 1853 च्या मे महिन्यात निजाम नासिरुद्दौलाने करारावर सही केली आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. कागदावर नाव पडलं हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची आणि घाम वऱ्हाड्यांचा.

1860 साली पन्नास लाखांचं देणं माफ करण्यात आलं. आता गहाण सुटायला पाहिजे होतं. सुटलं नाही. लगेच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरला वऱ्हाडची काळी जमीन फारच आवडू लागली. तारण ठेवलेल्या शेतात पीक चांगलं आलं की सावकार तारण परत करत नाही, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला इतिहासाच्या प्राध्यापकाने शिकवायची गरज नाही.

1902 साली कर्झनने वर्षाला 25 लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमचं भाड्याने घेतलं. पुण्यात अकरा महिन्यांच्या करारनाम्यावरून घरमालकाशी हुज्जत घालणाऱ्या हिंजवडीकराने "कायमचं भाड्याने" या दोन शब्दांवर एक रात्र विचार करावा. लगेच पुढच्या वर्षी, 1903 मध्ये, ज्या कंटिंजंटच्या पगारासाठी हा सगळा खटाटोप झाला ती कंटिंजंटच हिंदी सैन्यात विलीन झाली. देणं आधीच माफ झालेलं होतं, आता फौजही गेली. करार तेवढा राहिला. पुढे 1936 साली निजामाच्या युवराजाला प्रिन्स ऑफ बेरार हा किताब मिळाला. वऱ्हाडात राहण्याची सक्ती न होता वऱ्हाडी म्हणवून घेण्याची सोय तेव्हापासूनची आहे. आज पुण्यातले आमचे अर्धे भाचे ती वापरतात.

अचलपूर तर जिल्हाही होता. 1905 साली तो अमरावतीत विलीन झाला. अचलपूर जिल्हा व्हावा ही मागणी अजून जोरात आहे. निवडणूक आली की जोर वाढतो, निकाल लागला की पुढच्या निवडणुकीपर्यंत विसावतो.

कॅप्टन रॉबिन्सनचा शनिवार-रविवार

हिंजवडीकराला आणखी एक गैरसमज असतो. डोंगरावर बसून काम करण्याची कल्पना आपलीच, असं त्याला वाटतं. 1823 साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा शोधून काढला, अशी नोंद सगळीकडे सापडते. शोधून काढला म्हणजे काय? तिथे कोरकू होते, गवळी होते, गाविलगड तर शतकानुशतकं उभा होता आणि वीस वर्षांपूर्वी याच फौजांनी त्याचा पाडाव केला होता. तरी शोध लागला. साहेबाला उकडलं की डोंगराचा शोध लागतो.

साहेबांनी वर कॉफी लावली. ती आजही आहे आणि कॉफी पिकवणारं राज्यातलं थंड हवेचं ठिकाण म्हणून चिखलदऱ्याची ओळख सांगितली जाते. हिंजवडीकर परतवाड्याहून तीस-एक किलोमीटर घाट चढून वर जातो, धुक्यात उभा राहून फोटो काढतो, कॉफीच्या मळ्याचाही काढतो आणि पाकिटातली पुण्याहून आणलेली कॉफी पितो. खाली परतवाड्यात सागवानाचा लिलाव चाललेला असतो, संत्र्याच्या गाड्या भरत असतात, धारणीहून आलेलं कुटुंब दवाखान्याबाहेर नंबर लागायची वाट बघत असतं. ते फोटोत येत नाही. त्याला व्ह्यू नाही.

नवी छावणी

आता ते धोरण आठवा. दूध पाहिजे, भाजी पाहिजे, शहर नको.

हिंजवडीकर घर घेतो ते गावाबाहेर. अकृषक प्लॉट, चारी बाजूंनी भिंत, भिंतीवर तार, फाटकावर नाव. नाव संस्कृतात असतं आणि टपालवाल्याला उच्चारता येत नाही. आत हिरवळ. हिरवळीला पाणी बोअरचं. बोअर खोल, कारण शेजारच्या संत्रेवाल्याची त्याहून खोल आहे. पाण्याच्या बाबतीत मात्र तो पहिल्याच वर्षी पक्का स्थानिक होतो.

त्याला शांतता पाहिजे असते. पहाटेच्या काकड्याचा त्रास होतो, अजानीचा होतो, डीजेचा होतो, हे आपण समजू शकतो. मोरांचाही होतो. मोर एवढ्या पहाटे ओरडतात हे दलालाने सांगितलं नव्हतं.

त्याला अस्सल वऱ्हाडी जेवण पाहिजे असतं, तिखट जरा कमी करून. बहिरमच्या यात्रेला तो उत्साहाने जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी, थंडीत, महिनाभर भरणारी यात्रा. रोडगे, वांग्याची भाजी आणि हंडीतलं मटण. पहिल्या घासाला तो म्हणतो, "वा!" दुसऱ्या घासाला पाणी मागतो. तिसऱ्या घासाला विचारतो, यात तेल किती आहे? हंडीवाला मामा शांतपणे उत्तर देतो, "जेवढं बसलं तेवढं टाकलं, सायेब."

त्याचा स्वतःचा एक व्हॉट्सअॅप गट असतो. त्यात बाहेरून आलेले लोकच असतात. पाव कुठे चांगला मिळतो, इंटरनेट कोणाचं चालतं, मोलकरीण कोणाची सोडून गेली, मुलांना "एक्स्पोजर" कसं द्यायचं, असे विषय. जुन्या छावणीत अधिकाऱ्यांचे मेस असत, तिथेही गप्पा बहुधा याच चालत असणार. पावाच्या तक्रारीत तर फरक पडायचं कारणच नाही. अचलपूरच्या बाजूला हा माणूस कधी फिरकतो? पाहुणे आले की. हौज कटोरा ही जुनी वास्तू दाखवायला. गाडी बाहेर लावून, अर्धा तास.

म्हणजे शंभरावर वर्षांपूर्वी उठलेली छावणी परत पडली आहे. फरक इतकाच की या खेपेचा पगार निजामाला द्यावा लागत नाही.

आपलं काय?

इथपर्यंत वाचून आमचे अमरावतीकर आणि अकोलेकर वाचक खूश झाले असतील. "बरं केलं, खेचली एकदा पुण्याच्या लोकांची!" थांबा जरा, भाऊ.

संध्याकाळी परतवाड्याच्या चौकात उभे राहा. पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्स लागलेल्या असतात. दिवाळीनंतर तर बसायला जागा नसते. डिकीत लोणच्याची बरणी, तुरीची डाळ, संत्र्याची पेटी, तिखटाचा डबा आणि वरच्या सीटवर आपला पोरगा. आई पदराने डोळे पुसते आणि बस सुटली की मैत्रिणीला अभिमानाने सांगते, "आमचा पुण्याले राह्यते." कोणी परत आला तर हीच आई शेजारणीला सांगते, "तब्येतीसाठी आला हाय थोडे दिवस."

आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिराती वाचा. "मुलगा पुण्यात स्थायिक" हे पदवीच्या आधी छापलेलं असतं. मुलाची पंधरा एकर ओलिताची शेती असेल तर ती कंसात, जराशी लाजत. अशा प्रदेशात पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन कोणी आपण होऊन परतवाड्यात येतो, तेव्हा आपल्या साऱ्या हिशेबाला धक्का बसतो. आपण वीस वर्षं खर्च करून जिथे पोरगा पाठवला तिथून हा पळून आला. मग दोघांपैकी एक वेडा ठरतो. आपला पोरगा तर वेडा नाही. म्हणून काकू विचारतात, "मंग आले काहून?"

त्यांना सल्लाही आपणच देतो. "हावा चांगली हाय ते खरं, पन हावा खाऊन पोट भरते का?" "पोराचं शिक्षन कुठी करान?" "मोठा दवाखाना अमरावतीले, त्याच्याहून मोठा नागपूरले, लक्षात ठेवजा." हे सगळं खरं आहे. फक्त या गोष्टी नाहीत म्हणून आपण काय केलं, हा प्रश्न आपल्याला कोणी विचारत नाही, कारण आपण स्थानिक आहोत. स्थानिकाला तक्रार करायचा हक्क असतो, उत्तर द्यायची जबाबदारी नसते.

यायचं कसं?

वाहतुकीच्या बाबतीत वऱ्हाडाला मधला रस्ता मान्य नाही. एक तर जागतिक विक्रम, नाही तर काहीच नाही.

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात 75 किलोमीटरचं सलग डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. वेलस्लीनंतर वऱ्हाडात इतक्या वेगाने उरकलेलं दुसरं काम हेच. त्याच वर्षी ऑक्टोबरात अकोला-अकोट रस्त्यावरचा गांधीग्रामचा पूर्णा नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल धोकादायक झाला म्हणून बंद करावा लागला. एकाच वऱ्हाडात, एकाच वर्षात. विक्रम रस्त्याचा होता, पुलाचा नव्हता, हे मान्य.

रेल्वेचं म्हणाल तर मूर्तिजापूर ते अचलपूर अशी 76 किलोमीटरची शकुंतला आहे. आहे म्हणजे रूळ आहेत, स्टेशन आहे, शकुंतला वाचवा म्हणणारे लोक आहेत. गाडी नाही. ब्रिटिश कंपनीने बांधलेली ही नॅरोगेज स्वातंत्र्यानंतरही त्या कंपनीच्याच मालकीची राहिली, हे तिचं मोठं कौतुक. वऱ्हाडातल्या गोष्टी एकदा कोणाला वापरायला दिल्या की परत यायला वेळ लागतो, हे वर आलंच आहे.

विमान मात्र आलं. 16 एप्रिल 2025 रोजी बेलोऱ्याच्या धावपट्टीवरून अमरावती-मुंबई सेवा सुरू झाली. त्या दिवशी अकोल्यात जे दुःख झालं त्याला तोड नाही. अकोल्याकडे शिवणीची धावपट्टी कधीपासून आहे, पण ती लांबवायची तर बाजूला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन. विद्यापीठ 1969 सालचं, फायली त्यानंतरच्या. अमरावतीकर तेव्हापासून अकोल्याच्या पाहुण्याला मुद्दाम विचारतात, "फ्लाइटनं आले का?" अकोलेकर उत्तर देतात, "नाही, मेन लाइननं आलो. तुमच्यासारखं बडनेऱ्याले नाही उतरा लागत." दोन्ही शहरांत विकासाची स्पर्धा आहे ती ही अशी. परतवाड्याचा माणूस दोघांचं ऐकून घेतो आणि एसटीच्या रांगेत उभा राहतो.

उन्हाला जमावबंदी

हिंजवडीकर बहुधा डिसेंबरात जागा बघायला येतो. डिसेंबरात वऱ्हाड फार देखणं असतं. संत्री लगडलेली, तूर उभी, सकाळी तोंडातून वाफ. सौदा होतो. मग मे महिना येतो.

मे 2024 मध्ये पारा 45 अंशांच्या पुढे गेला तेव्हा अकोला जिल्ह्यात कलम 144 लावण्यात आलं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता, ऊन होतं. कामगारांना पाणी आणि सावली द्या, शिकवणी वर्गांच्या वेळा बदला, असे आदेश निघाले. आदेश योग्यच होते. पण जमावबंदीचं कलम लागेपर्यंत मजुराला सावली मिळत नाही, ही गोष्ट उन्हापेक्षा जास्त चटका देणारी आहे.

हिंजवडीकर तेव्हा काय करतो? एसी लावतो. वीज जाते. इन्व्हर्टर लावतो. इन्व्हर्टरही दमतो. मग हिंजवडीकर समोरच्या काकूंना विचारतो, तुम्ही कसं काढता? काकू त्याला खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावायला सांगतात, कैरीचं पन्हं पाठवतात, दुपारी बाराच्या आत सगळी कामं उरकायला लावतात. आणि अशा रीतीने आल्यापासून पाच महिन्यांनी तो पहिल्यांदा आपल्या फाटकाबाहेर येऊन कोणाच्या तरी ओट्यावर बसतो. सूर्याने केलेलं हे सामाजिक कार्य कोणत्याही संस्थेला जमलेलं नाही.

मुंबईहून आलेली मोठी बाई

शहरातून अचलपूरला स्थलांतर करणाऱ्यांत सगळ्यांत मोठी होती ती माणूस नव्हतीच. गिरणी होती. मुंबईची फिनले मिल. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ती अचलपूरला आणली, कारण इथली जुनी विदर्भ मिल बंद पडलेली होती, कापूस दारात होता आणि हात रिकामे होते. मुंबईत गिरण्या पाडून तिथे मॉल आणि मनोरे उभे राहत असताना एक गिरणी उलट्या दिशेने निघाली आणि वऱ्हाडात येऊन चालू झाली, ही गोष्टच सुखाची होती. तिच्याबरोबर चहाच्या टपऱ्या आल्या, भाड्याच्या खोल्या लागल्या, पोरांची लग्नं जमली.

2020 च्या टाळेबंदीत तिचा आवाज थांबला. टाळेबंदी उठली, गिरणी नीट उठली नाही. कामगारांनी उपोषणं केली, मोर्चे काढले, निवेदनं दिली. पुण्याहून एक लॅपटॉप परतवाड्यात आला तर त्याची बातमी होते, त्याच्यावर सदर लिहिलं जातं, हे आत्ता तुम्ही बघतच आहात. शेकडो कामगारांची गिरणी बंद आहे त्याची बातमी आतल्या पानावर, तीही आंदोलन असेल तेव्हाच. कोण आलं यापेक्षा काय टिकलं हे मोजायची सवय लागली असती, तर कदाचित आपल्या पोरांच्या ट्रॅव्हल्स इतक्या भरल्या नसत्या.

निकाल

म्हणून हिंजवडीकरांना "मंग आले काहून" असं आम्ही विचारणार नाही. आलात, चांगलं झालं. या गावाला माणसांचं वावडं कधीच नव्हतं. कोरकू, नवाबांचे वंशज, पलटणीमागून आलेले तेलुगू आणि हिंदुस्थानी बोलणारे, लाकडाचे व्यापारी, सगळे इथेच रुजले. ज्यांनी आपली भिंत उभारली ते साहेब तेवढे निघून गेले. त्यांचे बंगले राहिले, ओळख राहिली नाही.

तेव्हा परतवाड्यात राहायला आला आहात की छावणी टाकून आहात, याची परीक्षा सोपी आहे. मतदार यादीतलं नाव कुठे आहे ते बघा. पुण्यात असेल तर आठ नंबरचा अर्ज भरून ते इकडे आणा. मग पाण्याची, रस्त्याची, शकुंतलेची, गिरणीची आणि दवाखान्याची तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि दर महिन्याला तिची आठवण करून द्यायला नगरपालिकेत जा. तुम्हाला इंग्रजीत मेल लिहिता येतात, पाठपुरावा करता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो. या गावाला तुमच्या कॉफीपेक्षा त्याची गरज जास्त आहे. आणि अमरावती-अकोल्याच्या आयाबापांनो, पोरगा परत येतो म्हणाला तर त्याची तब्येत विचारू नका, त्याला जागा दाखवा.

यादीत नाव चढलं की काकूंच्या प्रश्नाला उत्तरही तयार होतं. कोन्या खात्यात हाय जी तुम्ही? सांगायचं, तुमच्याच वॉर्डात.